डहाणू प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धा : मैदानावर आखलेला जुना नकाशा

पावसाळा सरला की डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांमध्ये क्रीडास्पर्धांची गडबड सुरू होते. आधी शाळा-शाळांच्या गटात, मग प्रकल्पस्तरीय, तिथून निवडलेले संघ विभागीय स्पर्धेला आणि शेवटी राज्यस्तरीय. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं आणि मुली वेगळे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, शिवाय धावणं, उड्या, गोळाफेक, थाळीफेक, रिले. स्थानिक पेपरात बातमी येते ती साधारण ठरलेली. ध्वजारोहण, संचलन, पाहुण्यांचं भाषण, सर्वसाधारण विजेतेपद कोणाला. वाचायची आणि पान उलटायचं.

माझा प्रबंध आश्रमशाळांवर आहे, आणि त्यातलं एक प्रकरण या स्पर्धांवर आहे असं सांगितलं की एम. ए.ची मुलं हमखास विचारतात, ‘यात इतिहास काय?’ प्रश्न बरोबर आहे. नुसतं कोण जिंकलं, कोण हरलं यात इतिहास फार नाही. म्हणून मी निकालापासून सुरुवातच करत नाही. संघाच्या छातीवर कोणाचं नाव आहे, तिथून करतो.

तलासरी तालुक्यातल्या आश्रमशाळेची एखादी मुलगी विभागीय स्पर्धेला जाते तेव्हा ती तलासरी तालुक्याकडून खेळत नाही, पालघर जिल्ह्याकडूनही नाही. ती ‘डहाणू प्रकल्पा’कडून खेळते. या प्रकल्पात डहाणू, तलासरी, पालघर आणि वसई हे तालुके येतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे त्याच जिल्ह्यातले तालुके जव्हार प्रकल्पात आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यातली मुलं इथे एकमेकांची प्रतिस्पर्धी. वर ठाणे विभाग, म्हणजे ठाण्याच्या अपर आयुक्तांच्या हाताखालचे प्रकल्प. त्यात शहापूर आहे, पेण आहे, पुणे जिल्ह्यातलं घोडेगाव आहे, अगदी सोलापूरही आहे. झरीची मुलगी घोडेगावच्या मुलीविरुद्ध खो-खो खेळेल, पण तिच्याच तालुक्यातल्या साध्या हायस्कूलच्या संघाशी या स्पर्धेत तिची गाठ पडणार नाही.

हा नकाशा आला कुठून? पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हा त्याहून कितीतरी जुना आहे. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश सरकारने १९३६ साली काही मुलूख ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून जाहीर केले. ठाणे जिल्ह्यातून त्यात डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. या भागाची पाहणी करून सिमिंग्टन या आय. सी. एस. अधिकाऱ्याने दिलेला अहवाल १९३९ साली छापला गेला. सावकार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार आणि वेठबिगार यांबद्दल त्यात जे आहे ते सरकारी भाषेत असूनही वाचवत नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची पाचवी अनुसूची आली, अनुसूचित क्षेत्रं आली. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी ‘एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प’ नावाचा घटक तयार झाला. १९८३ मध्ये राज्यात आदिवासी विकासाचं स्वतंत्र खातं झालं. नाशिकला आयुक्तालय आणि नाशिक, ठाणे, अमरावती, नागपूर असे चार विभाग ही आजची रचना त्यानंतरची.

आता स्पर्धेची शिडी आणि ही रचना शेजारी ठेवून बघा. शाळा, प्रकल्प, विभाग, राज्य. अनुदान ज्या वाटेने खाली येतं, त्याच वाटेने खेळाडू वर जातो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नकाशावर बसून विचार केला असेल असं मला वाटत नाही. कागद ज्या टेबलांवरून फिरतो त्याच टेबलांवरून संघांची यादी फिरली, एवढंच. पण परिणाम असा झाला की १९३६ साली आखलेली एक प्रशासकीय रेघ आज चुन्याच्या फक्कीने मैदानावर ओढली जाते, आणि ती ओढणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. संशोधन करणाऱ्याने ‘स्पर्धा कधी सुरू झाली’ यापेक्षा ‘स्पर्धेचा घटक कोणता आणि तो कोणी ठरवला’ हे आधी विचारावं, असं मी सांगतो ते यासाठी. सुरुवातीचं साल बहुतेक वेळा एखाद्या परिपत्रकाचं साल असतं. घटक मात्र खूप मागे घेऊन जातो.

याला समांतर दुसरी शिडी आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय क्रीडास्पर्धा. तिथे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि त्यापुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धा. आश्रमशाळेच्या मुलांना तिथेही भाग घेता येतो, आणि घेतातही. पण वर्षभराची तयारी, संघनिवड, प्रवासाची तजवीज बहुधा आपल्या खात्याच्या स्पर्धेभोवती फिरते. दोन शिड्यांमध्ये मोठा फरक आहे तो टोकाचा. एक राज्यापाशी संपते, दुसरी पुढे जाते.

हा फरक नुसता अभ्यासाचा नाही. महाराष्ट्रात २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, त्याची पडताळणी होते, आणि पडताळणीत बघतात ते असं : स्पर्धा कोणाची, कोणत्या संघटनेच्या मान्यतेची, कोणत्या स्तरावरची. पोरगी किती जोरात धावली हे त्या टेबलावर कोणी विचारत नाही. म्हणून खेळाडूंच्या मुलाखती घ्याल तर ‘कितवा नंबर आला’ याच्यानंतर लगेच ‘प्रमाणपत्रावर सही कोणाची होती’ हेही विचारा. आणि शासननिर्णय वाचताना तो कोणत्या तारखेचा आहे ते बघा. २००५ चा आणि २०१६ चा एकच समजून लिहिलेले लेख मी वाचलेत.

आता थोडं सीमेपलीकडे जाऊ, कारण तलासरीचा इतिहास सीमेशिवाय सांगता येत नाही. १ मे १९६० पर्यंत ‘तलासरी तालुका’ असं काही नव्हतं. ही गावं उंबरगाव तालुक्यात होती. राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेली थोडी गावं महाराष्ट्रात राहिली आणि त्यांचा पुढे तलासरी महाल, मग तालुका झाला. १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद ज्या झरीला भरली, ते झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेची चळवळ डहाणू-उंबरगाव अशी सलग पट्ट्यात होती, कारण वेठही सलग पट्ट्यात होती. आज त्याच समाजातली मुलं दोन राज्यांच्या दोन क्रीडाव्यवस्थांत वाढतात. पलीकडे उमरगामच्या वारली मुलासाठी गुजरात सरकारचा ‘खेल महाकुंभ’ आहे, २०१० साली सुरू झालेला. त्यात आदिवासी-बिगरआदिवासी असा भेद नाही, घटक तालुका आणि जिल्हा. अलीकडे आश्रमशाळेच्या मुलासाठी प्रकल्प. दोन्हींपैकी चांगलं कोणतं हे मी इथे ठरवत नाही. एका पद्धतीत मूल सगळ्यांबरोबर उतरतं, त्यामुळे पहिल्याच फेरीत गारद होण्याची भीती. दुसरीत त्याला निदान मैदान मिळतं, पण बाहेरच्याशी टक्कर उशिरा होते किंवा होतच नाही. तुलनात्मक इतिहास करायचाच असेल तर पुणे-मुंबईची तुलना कशाला हवी? आठ-दहा किलोमीटरवर दोन वेगळे प्रयोग चालू आहेत.

मग पुढचा प्रश्न, आश्रमशाळाच का? इथे डहाणूकडे एक फार वेगळं उदाहरण आहे. बा. गं. खेरांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढलं. बोर्डीच्या हायस्कूलचे आचार्य भिसे त्या कामात होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्यांची ‘कुरणशाळा’ आठवा. मूल गुरं राखायला जातं, शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात न्यायची. गुरं चरतायत, मुलं खेळतायत, त्यातच शिकणं. खेळ तिथे वेगळा काढून ठेवलेलाच नव्हता.

आश्रमशाळेची कल्पना याच्या बरोबर उलट आहे. मूल घरातून उचलायचं आणि शाळेत ठेवायचं. राज्याने १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना मोठ्या प्रमाणावर घेतली, आणि त्यामागे कारणही होतं. भातकापणी आटोपली की या भागातली कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बोटीवर जगायला बाहेर पडतात. वसई, भिवंडी, गुजरात. पाऊस तोंडावर येईपर्यंत परत येत नाहीत. मूल बरोबर गेलं तर शाळा सुटली. निवासी शाळा हा त्यावरचा सरकारी उतारा. कुरणशाळा गोड वाटते, मलाही वाटते, पण कुरणशाळेचं मूल डिसेंबरात भिवंडीच्या भट्टीवर असेल तर ती शाळा त्याच्या मागे किती लांब जाणार?

स्पर्धांचं वेळापत्रक या दोन गोष्टींच्या मधोमध अडकलेलं आहे. पावसात मैदानाचा चिखल. ऑक्टोबरात घरी कापणी, मुलं घरी हवीत. मग वाघबारस, दिवाळीची सुट्टी. जानेवारीनंतर दहावी-बारावीची घाई. राहतात ते आठवडे थोडे, आणि नेमके त्याच आठवड्यांत आईबाप गाव सोडतात. मुलगा प्रकल्पस्तरावर पहिला आला आणि घरी सांगायला घरच नाही, असं होऊ शकतं. प्रेक्षक म्हणून कोण येतं, याचा विचार खेळाच्या इतिहासात फार कमी केला जातो. इथे प्रेक्षक म्हणजे मुख्यतः दुसऱ्या आश्रमशाळांची मुलं, शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी आणि कामाठी. शहरातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे पालक मैदानाभोवती उभे नसतात.

आता वयाबद्दल. हा माझा आवडता भाग आहे, आणि सर्वांत नाजूकही.

शालेय स्पर्धांत वयोगट जन्मवर्षावर ठरतो. वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला तो या गटात, आधीचा तो वरच्या. कागद म्हणून शाळेचा दाखला, आणि दाखला निघतो जनरल रजिस्टरातून. आता ग्रामीण महाराष्ट्रातलं कुठलंही जुनं जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. जूनमध्ये शाळा उघडायची, मूल दाखल करताना जन्माची नोंद नसायची, आणि गुरुजी मूल सहा वर्षांचं भरेल असं साल मागे मोजून १ जून लिहायचे. महाराष्ट्रात लाखो माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो यामुळे. (माझ्या ओळखीत तीन काका-मामांचा येतो, केक एकच आणतात.)

वयोगटाच्या दृष्टीने १ जून ही तारीख फसवी नाही, फसवं आहे ते साल. समजा एक मुलगा आठ वर्षांचा होऊन शाळेत आला. आधी गुरं राखली, धाकट्या बहिणीला सांभाळलं. गुरुजींनी त्याला सहाचा लावला. पुढे तो १४ वर्षांखालच्या कबड्डीत उतरला तेव्हा खरा सोळाच्या आसपास. उलटही होतं. थोरल्या भावाबरोबर पाचव्या वर्षीच दाखल झालेली मुलगी कागदावर सहाची झाली आणि आयुष्यभर एक वर्ष मोठ्या मुलींशी खेळली. दोन्ही ठिकाणी कोणी लबाडी केलेली नाही. कागद खरा आहे, शिक्का खरा आहे, फक्त साल मोजून काढलेलं आहे. त्यामुळे जुन्या निकालपत्रकांवरून ‘अमुक वयात इतक्या सेकंदांत १०० मीटर’ असा आलेख काढणारा संशोधक मुलांचा वेग मोजत नसतो. तो गुरुजींचा अंदाज मोजत असतो. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, जन्मदाखले मिळतात, त्यामुळे अलीकडच्या तुकड्यांचं चित्र वेगळं असणार. तेव्हा साठ-सत्तरच्या दशकातले आकडे आणि २०२० नंतरचे आकडे एका तक्त्यात बसवू नका. बसवलेच, तर खाली टीप द्या.

खेळांच्या यादीवर फार थांबत नाही, पण एक सांगतो. मुलं वारली, कोकणा, कातकरी, धोडिया, मल्हार कोळी. खेळ मात्र दुसरीकडे नियमबद्ध झालेले. खो-खोच्या नियमांचं काम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या समितीने केलं. हुतुतूची ‘कबड्डी’ होण्यात महाराष्ट्रातल्याच व्यायाम मंडळांचा मोठा हात, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला तिचं प्रात्यक्षिक केलं. व्हॉलीबॉल वाय. एम. सी. ए. मार्फत अमेरिकेतून आला. ‘आदिवासी मुलं निसर्गतःच काटक, म्हणून खेळात पुढे’ असं भाषणांत ऐकू येतं, ते मला पटत नाही. जंगलात फिरल्याने व्हॉलीबॉलची सर्व्हिस येत नाही. ती शिकावी लागते आणि शिकवायला कोणीतरी लागतं. काटकपणाचं कौतुक केलं की शिकवणाऱ्याची नेमणूक झाली की नाही हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. वसाहतकाळातल्या अहवालांतही हीच ‘काटक जमात’ सापडते, फक्त तिथे ती लाकूडतोडीसाठी उपयोगी असते.

मैदानाचाही इतिहास असतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एकदा नाही, महिनोन्‌महिने. १ फेब्रुवारी २०१९ ला ४ पेक्षा जास्त तीव्रतेचा धक्का बसला. लोक रात्री घराबाहेर झोपायला लागले, शाळांच्या आवारात तंबू लागले, वर्ग इमारतीबाहेर भरले. ज्या मोकळ्या जागेकडे एरवी ‘मैदानासाठी राखीव’ म्हणून बघतात, ती त्या हिवाळ्यात झोपायची आणि शिकायची जागा झाली. पुढे मार्च २०२० मध्ये कोविडमुळे आश्रमशाळा बंद झाल्या आणि मुलं घरी गेली. या दोन खंडांच्या आधीची आणि नंतरची कागदपत्रं वेगळी वाचावी लागतील. तेव्हा सहावी-सातवीत असलेल्या मुलांची खेळायची वर्षं यातच गेली.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर कामाचं बोलू. सरकारी कार्यालयात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ कायम ठेवायचा, ड वर्षभरात काढून टाकता येतो. क्रीडास्पर्धेचं निकालपत्रक अ वर्गात जाईल अशी आशा ठेवू नका. कपाट रिकामं करायचं झालं की पहिली जातात ती ही पत्रकं. पण पैशाचे कागद लेखापरीक्षणाच्या धाकाने जास्त टिकतात. म्हणून निकाल मिळाला नाही तर प्रवासाची बिलं, भोजनाची बिलं, कॅशबुक बघा. किती मुलं, किती दिवस, कुठून कुठे, बरोबर अधीक्षिका होती का, हे तिथून निघतं. मुलींचा संघ कोणत्या वर्षापासून नियमित जायला लागला हे शोधायला निकालापेक्षा बिल बरं. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर ‘स्पर्धांबाबतची सर्व माहिती’ असं लिहू नका, उत्तर येणार नाही किंवा पोतंभर येईल. वर्ष आणि नोंदवहीचं नाव लिहा. आणि जनरल रजिस्टर बघायला मिळालं तरी त्यातली मुलांची नावं, जाती, तारखा प्रबंधात जशाच्या तशा उतरवायच्या नाहीत. ती अल्पवयीन मुलांची माहिती आहे, परवानगी मुख्याध्यापकांनी दिली म्हणजे मुलाने दिली असं होत नाही.

मुलाखतींसाठी जुने खेळाडू शोधणं तितकं अवघड नाही. कोणी बोईसरच्या कारखान्यात, कोणी पोलिसात, कोणी आश्रमशाळेतच शिक्षक. त्यांना तारखा आठवत नाहीत, पण कोणत्या ट्रकमधून गेलो आणि जेवायला काय होतं ते आठवतं. ते लिहून घ्या, तारीख बिलावरून लावता येते.

शाळेत पहिल्यांदा जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या चषकांचे फोटो काढण्यात सगळा वेळ घालवू नका. चषकांवरची अक्षरं अर्धी पुसलेली असतात. डेडस्टॉक रजिस्टर मागा. व्हॉलीबॉलची जाळी कोणत्या साली आली, गोळा किती वजनाचा घेतला, बुटांचे जोड किती आणि त्यातले मुलींच्या मापाचे किती, फुटलेला हँडबॉल कधी निर्लेखित केला आणि त्यानंतर नवीन यायला किती वर्षं गेली, या नोंदी तिथे सापडू शकतात.